वणव्याची पहिली खबर: सागवनात सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा कशी उभारावी

मार्चच्या मध्यावर विदर्भातल्या सागवनात पाऊल टाकले की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होतो. सागाची वाळून वाकलेली मोठमोठी पाने घोट्यापर्यंत साचलेली असतात आणि त्यांच्या थरात हवा इतकी खेळती असते की एक जळती काडी पडली तरी आग धरायला वाराही लागत नाही. इथला वणवा बहुधा जमिनीवरून पालापाचोळा खात पुढे सरकतो, झाडांच्या शेंड्यांपर्यंत तो क्वचितच चढतो, त्यामुळे दूरवरून ज्वाला दिसत नाहीत आणि सुरुवातीचा धूरही पातळ असतो. पहिल्या अर्ध्या तासात हीच आग चार माणसे, पाला उडवणारा एक ब्लोअर आणि हिरव्या फांद्या यांच्या बळावर विझते. तासाभराने तीच आग टेकडी चढून पलीकडच्या उताराला लागलेली असते.

हा लेख या अर्ध्या तासासाठी आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचे कार्यकर्ते आणि वनविभागातील तरुण कर्मचारी यांपैकी ज्यांना अशी यंत्रणा प्रथमच उभारायची आहे, त्यांच्यासाठी चार-पाचशे हेक्टरांचे कोरडे पानझडी जंगल समोर ठेवून पायऱ्या सांगितल्या आहेत.

पहिली पायरी: यंत्राआधी माणसे मोजावीत

बहुतेक नवखे गट सेन्सर विकत घेण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाने करावी. खबर मिळाल्यावर आगीजवळ कोण पोहोचणार, कुठून निघणार आणि किती वेळात पोहोचणार, हे आधी प्रत्यक्ष चालून मोजावे. संरक्षण कुटीपासून नियतक्षेत्राच्या (एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या भागाच्या) दूरच्या टोकापर्यंत भर दुपारी, पाण्याची कॅन आणि ब्लोअर पाठीवर घेऊन जायला पन्नास मिनिटे लागत असतील, तर खबर दोन मिनिटांत मिळाली काय आणि बारा मिनिटांत मिळाली काय, त्या टोकाची आग हाताबाहेर गेलेलीच असणार. अशा ठिकाणी पहिला खर्च हंगामी अग्नीरक्षकाच्या मुक्कामावर आणि दुसऱ्या ब्लोअरवर करावा. सेन्सरची पाळी त्यानंतर येते.

दुसरी पायरी: आग कुठे लागते, हे गावाला विचारावे

आपल्याकडे वणवा आपोआप लागल्याची उदाहरणे फारच थोडी. तो जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून, कधी जाणूनबुजून तर कधी निष्काळजीपणाने लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूची कोवळी पाने जोमाने फुटावीत या समजुतीने झुडपे जाळली जातात. शेताचे धुरे जाळताना वारा फिरला की आग जंगलात शिरते. रस्त्याकडेला विडीचे थोटूक पडते. म्हणजे आग जंगलात कुठेही सारख्याच शक्यतेने लागत नाही, तिच्या ठरलेल्या जागा असतात आणि त्या गावातल्या वेचणाऱ्या बायांना व गुराख्यांना नेमक्या ठाऊक असतात. त्यांच्यासोबत दोन दिवस फिरून मोहाची झाडे, पायवाटा, धुरे आणि मागील हंगामातील जळलेले पट्टे नकाशावर उतरवावेत. वनपरिक्षेत्र कार्यालयातील आगीच्या नोंदी कक्ष क्रमांकानुसार (कक्ष म्हणजे वनविभागाने आखलेला जंगलाचा तुकडा) मिळाल्या तर त्याही याच नकाशावर घ्याव्यात.

या फेरीत आणखी एक लाभ होतो. मोहाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरून फुले गोळा करण्याची पद्धत एखाद्या पाड्यात रुजवता आली, तर तिथे सेन्सरची गरजच कमी होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद करण्याचा निर्णय घेतला होता आणि त्यामागे छाटणीबरोबर आगीमुळे होणारी हानी हेही कारण होते. असे निर्णय कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

तिसरी पायरी: उपग्रहाची खबर आधी सुरू करून घ्यावी

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या उष्ण बिंदूंच्या सूचना नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर विनामूल्य पाठवते. ही नोंदणी पहिल्याच दिवशी करावी. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरील मॉडिस उपकरणाचा एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे १ किलोमीटरचा असतो, तर व्हीर्स उपकरणाचा ३७५ मीटरचा. मात्र त्यांची मर्यादा समजून घ्यावी. व्हीर्स वाहून नेणारे उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, साधारण दीडच्या आगेमागे जातात. त्यामुळे दुपारी चारला लागलेली आग त्यांना रात्रीच दिसते, शिवाय पाल्याखाली धुमसणारी छोटी आग अनेकदा दिसतही नाही. उपग्रह मोठ्या आगीची खात्री करायला आणि हंगामानंतर जळलेले क्षेत्र मोजायला उत्तम. पहिल्या अर्ध्या तासाची खबर जमिनीवरूनच यावी लागते.

चौथी पायरी: परवानगी

राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यात आगीस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चे कलम ३० मनाई करते. म्हणून चाचणीसाठी मूठभर पाने पेटवायची असली तरी लेखी परवानगी आणि जागेवर वनकर्मचारी, या दोन्ही गोष्टी हव्यात. झाडाला खिळे ठोकू नयेत. कापडी किंवा रबरी पट्ट्याने पेटी बांधावी. जंगल सामूहिक वनहक्काखालील असेल तर ग्रामसभेचा ठरावही घ्यावा.

पाचवी पायरी: काय मोजायचे

आता यंत्राकडे वळू. झाडावर बसवायच्या एका पेटीला नोड म्हणतात. तिच्यात सेन्सर, छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा संगणक), रेडिओ, बॅटरी आणि सौर पट्टी असते. केवळ तापमान मोजणाऱ्या नोडवर पैसे घालवू नयेत, कारण आग काही मीटरवर आल्याखेरीज हवेचे तापमान ठळकपणे बदलत नाही आणि तोवर नोडच जळण्याच्या बेतात असतो. पाला धुमसू लागला की ज्वाला उठण्याआधीच कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि अनेक सेंद्रिय वायू बाहेर पडतात. पकडायचे ते हेच.

नवख्यांसाठी बॉशचा बीएमई ६८० किंवा ६८८ हा सेन्सर सोयीचा आहे, कारण तो वायू, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब एकाच चिपवर मोजतो. त्याच्या आत धातूच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो, तो मोजणीपुरता सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो आणि ज्वलनशील वायू त्याला लागले की त्याचा विद्युत रोध घटतो. हा रोध आर्द्रतेमुळे आणि वयोमानानेही बदलत राहतो, म्हणून त्याच्या निव्वळ आकड्याला अर्थ नसतो. त्याच नोडच्या मागील काही दिवसांतील त्याच तासाच्या पातळीशी तुलना करून किती वेगाने घट झाली, हे पाहावे. नवा सेन्सर बसवल्यावर निदान दोन आठवडे फक्त नोंद घ्यावी, इशारा देऊ देऊ नये. लेझरवर चालणारे धूलिकण सेन्सर धूर चांगला ओळखतात, पण जंगलातील धुळीने त्यांचा पंखा लवकर भरतो. विद्युतरासायनिक कार्बन मोनॉक्साइड सेन्सर नेमके असतात, पण विदर्भाच्या एप्रिलमधील कोरड्या हवेत त्यांच्यातील द्रावण सुकू लागते.

वायूचा सेन्सर वाऱ्यावर अवलंबून असतो. छोट्या आगीची खबर तो काही दहा मीटरपासून फार तर शंभरेक मीटरपर्यंत देऊ शकतो. हेक्टरी एक धरला तरी पाचशे हेक्टरांना पाचशे नोड लागतील, आणि तेवढे परवडत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या पायरीतला नकाशा मोलाचा ठरतो: तीस-चाळीस नोड मोहाच्या झाडांजवळ, पायवाटांच्या कडेला आणि शेतांना लागून असलेल्या काठावर लावावेत, उरलेले जंगल कॅमेऱ्यावर सोपवावे. नोड जमिनीपासून साधारण अडीच-तीन मीटरवर बांधावा, म्हणजे धूरही लागतो आणि गुरांचा धक्का बसत नाही.

सहावी पायरी: पेटी, बॅटरी आणि ऊन

आमच्या पहिल्या प्रयोगात एक नोड रोज सकाळी साडेआठला आगीचा इशारा देत असे. तीन दिवस माणसे धावत गेली आणि परत आली. चौथ्या दिवशी मी त्याच्या खाली बसून राहिलो, तेव्हा कारण दिसले: समोरच्या दोन झाडांमधल्या फटीतून सूर्याची तिरीप नेमकी त्या काळ्या पेटीवर पडत होती, पेटी झपाट्याने तापत होती आणि आतल्या नव्या प्लास्टिकचा वास सेन्सरला धुरासारखा वाटत होता. तेव्हापासून मी पेटी पांढरीच घेतो, सेन्सर पेटीच्या खालच्या अंगाला पट्ट्यापट्ट्यांच्या पांढऱ्या आवरणात ठेवतो आणि प्रत्येक नवी पेटी आठवडाभर उन्हात उघडी ठेवून तिचा वास उडवतो. हवेसाठीच्या छिद्रांवर पाणी अडवणारा पण हवा जाऊ देणारा पडदा लावावा, नाहीतर मुंग्या आत घर करतात. अँटेना बाहेर लोंबती ठेवू नये. वानरे ती ओढतात.

साध्या लिथियम-आयन बॅटरीचे चार्जिंग ४५ अंशांच्या वर करणे धोक्याचे असते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतली हवाच त्या आसपास असते. जंगल वाचवायला बसवलेल्या पेटीनेच ठिणगी टाकावी, असे होता कामा नये. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वापरावी किंवा सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी वीज साठवणारा घटक). जर्मनीच्या ड्रायड कंपनीने आपल्या वनसेन्सरमध्ये याच कारणासाठी लिथियम बॅटरी टाळून सुपरकपॅसिटर घेतले आहेत. सौर पट्टीच्या बाबतीत मात्र सागवन आपल्याला साथ देते, कारण वणव्याच्या हंगामात साग निष्पर्ण असतो, ऊन थेट खाली पोहोचते आणि रेडिओलहरींनाही पानांचा अडसर कमी होतो. त्यामुळे पावसाळ्यात घेतलेल्या रेडिओ चाचणीवरून उन्हाळ्याचा अंदाज बांधू नये, आणि उलटही करू नये.

सातवी पायरी: संदेश जंगलाबाहेर काढणे

मोबाइलचे जाळे नसलेल्या जंगलासाठी लोरा हे रेडिओ तंत्र योग्य आहे. ते थोड्या विजेत छोटे संदेश दूरवर पोहोचवते आणि भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी विनापरवाना वापरता येतो. मोकळ्या माळावर दहा किलोमीटर जाणारा संदेश झाडीत आणि चढउतारांत एक-दोन किलोमीटरवर अडखळतो, म्हणून संदेश गोळा करणारा गेटवे निरीक्षण मनोऱ्यावर किंवा टेकडीवर बसवावा. बसवण्याआधी क्यूजीआयएस या विनामूल्य प्रणालीत जमिनीच्या उंचीचा नकाशा घेऊन मनोऱ्यावरून कोणता भाग दिसतो आणि कोणता टेकडीआड जातो, ते तपासावे. हेच काम कॅमेऱ्यासाठीही उपयोगी पडते.

इथे एक आग्रहाची सूचना आहे. इशारा ठरवणारी प्रणाली दूरच्या सर्व्हरवरच ठेवू नये. लोराचे संदेश हाताळणारी चर्पस्टॅकसारखी मुक्त प्रणाली गेटवेजवळच्या छोट्या संगणकावर चालते. इंटरनेट तुटले तरी कुटीतला भोंगा वाजला पाहिजे आणि वनरक्षकाने बिनतारी संचावर खबर पुढे दिली पाहिजे. वादळी वारा सुटतो तेव्हाच जाळे तुटते आणि वणवा भडकण्याची वेळही तीच असते.

आठवी पायरी: कॅमेरा

उंचावरचा एक फिरता कॅमेरा अनेक किलोमीटरांवरचा धूर पाहू शकतो. कॅलिफोर्नियात अलर्टकॅलिफोर्निया या प्रकल्पाचे एक हजाराहून अधिक कॅमेरे आहेत आणि २०२३ पासून तेथील अग्निशमन विभाग त्यांच्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करत आहे. आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये धूर ओळखणारी अशीच कॅमेरा यंत्रणा सुरू झाली. एका कॅमेऱ्यावरून दिशा कळते, अंतर कळत नाही. दोन कॅमेऱ्यांच्या दिशा नकाशावर जिथे छेदतात तिथे आग असते. दिशेत एक अंशाची चूक झाली तरी १० किलोमीटरवर सुमारे १७५ मीटरचा फरक पडतो, म्हणून कॅमेऱ्याचा खांब हलता असून चालत नाही.

बाहेरच्या देशांतील चित्रांवर शिकलेले मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून धूर ओळखायला शिकवलेली संगणकप्रणाली, इथे जसेच्या तसे चालत नाही. आपल्याकडच्या पहाटेच्या धुक्याला, पाड्यावरच्या चुलींच्या धुराला, वीटभट्टीला आणि कच्च्या रस्त्यावरच्या गाडीमागच्या धुळीला ते वणवा म्हणते. फाल्गुनात पळस फुलला की रंगावरून ज्वाला ओळखणारे मॉडेल अख्ख्या टेकडीला आग लागल्याचे सांगू शकते. यावर उपाय एकच, तो म्हणजे आपल्याच कॅमेऱ्याची, आपल्याच जंगलाची, आग नसलेली हजारो चित्रे त्याला शिकवणे.

कॅमेऱ्याचा रोख झाडांच्या शेंड्यांच्या वर ठेवावा. उत्तराखंडमधील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे सरपणासाठी जाणाऱ्या स्त्रियांच्या वावरावर पाळत बसल्याचे दिसून आले. जंगलात जाणाऱ्या बाईचा चेहरा आपल्याला नको आहे, धूर हवा आहे; हे गावाला स्पष्ट सांगावे आणि तसेच वागावे.

नववी पायरी: मॉडेलला शिकवणे आणि खोटे इशारे आवरणे

ही पायरी सर्वांत अवघड आहे, म्हणून थोडा हिशेब करू. पन्नास नोड दर दहा मिनिटांनी मोजणी पाठवत असतील तर दिवसाला ७,२०० मोजण्या होतात. मॉडेल ९९.९ टक्के वेळा बरोबर आहे असे मानले, तरी दिवसाला सात खोटे इशारे येतील. सात वेळा उन्हात धावून रिकाम्या हाताने परतलेला वनरक्षक आठव्यांदा निघणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्यामुळे अचूकतेची टक्केवारी बाजूला ठेवून तीन गोष्टी मोजाव्यात: किती आगी सुटल्या, पेटल्यापासून इशाऱ्यापर्यंत किती मिनिटे गेली, आणि एका कुटीला दिवसाला किती खोटे इशारे आले.

इशारा दोन टप्प्यांत द्यावा. वायू-सेन्सरच्या रोधात संशयास्पद घट दिसली की नोडने आपली मोजणी मिनिटाला एक अशी वाढवावी, पण भोंगा वाजवू नये. पुढच्या तीन-चार मोजण्यांतही कल टिकला आणि वाऱ्याच्या दिशेतील शेजारच्या नोडने किंवा कॅमेऱ्याने दुजोरा दिला, तरच खबर जावी. एकाच नोडच्या लागोपाठच्या मोजण्या म्हणजे स्वतंत्र साक्षी नव्हेत, कारण ज्या धुळीने पहिली मोजणी बिघडली तीच धूळ दुसरीही बिघडवते; शेजाऱ्याची साक्ष अधिक मोलाची.

शिकवण्यासाठी खऱ्या धुराच्या नोंदी कुठून आणायच्या, हा प्रश्न सर्वांना पडतो. त्याचे उत्तर जंगलातच आहे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो आणि त्याआधी वनविभाग जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी जंगलात राखलेला मोकळा पट्टा, साफ करून तिच्यावरचा पाला देखरेखीखाली जाळतो. त्या दिवसांत परवानगीने जाळरेषेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या अंतरांवर नोड लावावेत आणि पाला पेटल्याची वेळ, अंतर, वारा व आर्द्रता वहीत लिहावी. ही फुकट मिळणारी आणि अस्सल माहिती आहे. शिकवण्याची आणि तपासण्याची माहिती वेगळी करताना मोजण्या सरमिसळ करून दोन्हींत विभागू नयेत. काही दिवस आणि काही जागा पूर्णपणे बाजूला काढाव्यात, नाहीतर मॉडेल त्याच दुपारची आठवण काढून आपल्याकडून फुकटची शाबासकी मिळवते. सुरुवातीला छोटे, निर्णयवृक्षांवर (हो-नाही प्रश्नांच्या साखळीने उत्तर गाठण्याच्या पद्धतीवर) आधारलेले मॉडेल पुरेसे असते आणि त्याने इशारा का दिला हे समजावून घेणेही सोपे जाते.

दहावी पायरी: खबर कशी लिहावी

अक्षांश-रेखांशाचे बारा आकडे धावत्या माणसाच्या उपयोगाचे नसतात. खबर अशी असावी: “कक्ष ३१२, तलावाच्या पाळीवरचा जुना मोह. धूर, दोन नोडची खात्री. वारा पश्चिमेकडून. नाल्याच्या वाटेने जा.” यासाठी नोड बसवतानाच त्या जागेचे गावातले नाव आणि जवळची वाट प्रणालीत भरावी. पहिली खबर वनरक्षकाला आणि त्या पाड्यातल्या अग्नीरक्षकाला एकाच वेळी जावी. पाच मिनिटांत कोणी बटण दाबून पोच दिली नाही तर ती वनपालांकडे आणि पुढे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जावी. गावकऱ्यांना दिसलेला धूर कळवण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक प्रत्येक पाड्यात लिहून ठेवावा. माणसाच्या डोळ्याने दिलेली खबर सेन्सरच्या खबरीइतकीच नोंदली जावी.

जाणाऱ्यांनी एकट्याने जाऊ नये आणि अंगात सुती कपडे घालावेत. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा चढता वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नये.

अकरावी पायरी: तपासणी आणि देखभाल

हंगामात दर पंधरवड्याला प्रत्येक नोडची बॅटरी, शेवटचा संदेश आणि जाळीवरची धूळ तपासावी. गप्प झालेला नोड हा बिघाड समजावा, शांतता समजू नये. एक तास संदेश न आल्यास प्रणालीने तशी वेगळी सूचना दिली पाहिजे. महिन्यातून एकदा जाळरेषेवर, वनकर्मचाऱ्याच्या समक्ष, लोखंडी घमेल्यात किलोभर वाळला पाला धुमसवून पेटल्यापासून माणूस पोहोचेपर्यंतची पूर्ण साखळी घड्याळ लावून मोजावी आणि आकडा पहिल्या पायरीतल्या आकड्याशेजारी लिहावा.

पहिला चांगला पाऊस झाला की नोड उतरवावेत, पुसून, क्रमांकाची चिठ्ठी लावून, बॅटरी अर्धी भरलेल्या स्थितीत कोरड्या खोलीत ठेवावेत. डिसेंबरात ते पुन्हा त्याच झाडांवर बांधावेत, म्हणजे दोन आठवड्यांची मूक नोंद आणि जाळरेषांवरची चाचणी फेब्रुवारीच्या १५ तारखेपूर्वी पुरी होते.